वितीनं मोजणारा मिस्त्री

निजामाचं राज्य होतं तवाची गोष्ट. मी ड्रायवर. आमच्या मालकांच्या जुन्या मोटारीचं इंजन दमलं, म्हणून त्यांनी लॉरीचं दांडगं इंजन आणलं. धाराशिवचा मिस्त्री सगळं वितीनं मोजायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं न्हाय.

"बसतंय, सरकार," तो म्हणाला. "फक्त मागची शीट काढावी लागंल."

"काढ!"

माझं तोंड उतरलं. बाळंतीण बायकोला तिच्या माहेराहून, ईट गावाहून, त्याच शीटवर आणायचं ठरलं होतं. मिस्त्रीनं हळूच विचारलं, मी सांगितलं. त्यानं इंजनावर पुन्हा वीत टाकली, या खेपेला बोटं आखडून.

"न्हाय बसत, सरकार. दोन वीत जास्त भरतंय."

"मघा तर बसत होतं!"

"मघा सकाळ होती. आता उन्हानं लोखंड फुगलं."

मालक गेल्यावर मी म्हणालो, "टेप ठेवा की, मिस्त्री."

"टेपाला बायको-लेकरू कळत न्हाय," तो म्हणाला.

जुन्याच इंजनानं ईटहून यायला अख्खा दिवस लावला. बैलगाड्या पुढं गेल्या, तरी बायको मागं लेकरू घेऊन ऐटीत बसलेली. ती जाऊन दोन वर्षं झाली. आता वाटतं, ते इंजन आणखी कमजोर असतं तर लई बरं झालं असतं.