थप्पीवरची मावशी

आमचं ठाण्याच्या नौपाड्यातलं घर म्हणजे सत्यनारायणाच्या प्रसादाला सगळे हजर आणि कथेला कुणीच नाही, अशातलं. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. पण त्या लुगड्याचं काय करायचं, हे मला इतक्या वर्षांत उमगलेलं नाही... म्हणून आता लिहूनच टाकतो.

छप्पन्न-सत्तावन्न साल असेल. मी मुंबईला समाजशास्त्रात एम.ए. करत होतो. प्रबंधासाठी बरोबरचे सगळे आदिवासी पाड्यांवर निघाले. मला उन्हात हिंडायचा कंटाळा, म्हणून मी विषय घेतला — कापडदुकानातले नोकर, एक स्वतंत्र जमात! सर आधी हसले आणि मग 'हो' म्हणाले. वडिलांच्या ओळखीने कल्याणच्या बाजारात एका लुगड्यांच्या दुकानात, गादीच्या कोपऱ्यात वही घेऊन बसायची परवानगी मिळाली.

जमात हा शब्द मी गमतीने वापरला होता, पण पंधरा दिवसांत तो मला पटला. त्यांचे नियम फार कडक. गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही. गिऱ्हाइकाने स्वतःच्या तोंडाने 'हेच द्या' म्हटल्याशिवाय माल कागदात बांधायचा नाही. तोवर विक्री झाली असं धरायचंच नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम — नोकराला स्वतःची आवड नसते. बाई विचारायची, "तुम्हांला कुठलं बरं वाटतं?" की उत्तर ठरलेलं, "ताई, तुम्हांला शोभेल ते."

हे सगळं मला शिकवलं दत्तुभाऊंनी. दुकानातले सर्वांत जुने सेल्समन, साठीला टेकलेले, रोज शहाडहून चालत यायचे. मला 'प्रोफेसर' म्हणायचे. त्यांच्यामुळेच माझी मावशीशी ओळख झाली.

मावशी म्हणजे एक नऊवारी लुगडं. अंग शेवाळी, काठ भगवे आणि मधे वांग्याच्या रंगाच्या चौकड्या. दहा वर्षांपूर्वी दत्तुभाऊ माल आणायला मुंबईला गेले होते, तेव्हा त्यांनीच ते पसंत केलं होतं. "उजेड कमी होता हो," असं ते सांगायचे. लुगडं विकलं कधी गेलं नाही, पण कामाला यायचं. एखादी बाई वीस लुगडी बघूनही हलेना, की दत्तुभाऊ गादीवर शेजारी बसणाऱ्या नारायणला म्हणायचे, "मावशीला बोलाव रे." मावशी उलगडली की बाई दचकायची, आणि तिच्यानंतर जे दाखवाल ते तिला आवडायचं! रोज सकाळी उदबत्ती लावून मावशीला थप्पीच्या वर ठेवायचे. मी पहिल्याच आठवड्यात माझं फाउंटन पेन तिच्या पदरावर गळवलं. निळे तीन ठिपके पडले. माझी तर बोबडीच वळली. दत्तुभाऊ शांतपणे म्हणाले, "असू दे प्रोफेसर. मावशीला गोंदून घ्यायची हौस होती."

सगळं सुरळीत चाललं होतं, तोच धाकटे शेट गादीवर आले. त्यांना पडून राहिलेला माल डोळ्यांसमोर नको होता. त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "दत्तुभाऊ, हे तुम्ही आणलेलं. शनिवारपर्यंत विका, नाहीतर तुम्हीही आता घरी आराम करा."

दत्तुभाऊ मावशीची घडी नीट करत बसले. मला फार वाईट वाटलं. संशोधकाने मधे पडायचं नसतं, हे मला पाठ होतं. पण मी मधे पडलो. घरी जाऊन आईचे पाय धरले.

शनिवारी दुपारी आई दुकानात आली. मी ओळख न दाखवता वहीत डोकं घातलं. दत्तुभाऊंनी दुसरी चार लुगडी दाखवली आणि मग मावशी उलगडली. आईने माझ्याकडे असं पाहिलं, की मला लहानपण आठवलं. पण ती शब्दाला पक्की. डोळे मिटून, कडू काढा घ्यावा तशी म्हणाली, "हेच द्या."

नारायणच्या हातातली कात्री पडली. धाकट्या शेटनी चष्मा पुसला. कागद बांधला गेला, दोरा बसला, आणि दत्तुभाऊंची नोकरी वाचली. रात्री आईने मावशीला स्वतःच्या ट्रंकेत टाकलं, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. "मेल्या, हे नेसून मी हळदीकुंकवाला जाऊ?" एवढंच बोलली.

सोमवारी सकाळी मी दुकानात गेलो. उदबत्ती लागलेली होती. थप्पीच्या वर मावशी होती.

मी पदर उलगडला. निळे तीन ठिपके, जिथल्या तिथे.

"नारायण, ही कुठून आली?"

"आली म्हंजे? आपल्या पायांनी आली आसंल," नारायण वार मोजता मोजता म्हणाला. तो खाडीकाठच्या कोळीवाड्यातला, त्याला असल्या गोष्टींचं नवल वाटायचं नाही. "माहेरी किती दिस ऱ्हानार?"

मला वाटलं, आईनेच चिडून परत केलं. तसाच पहिल्या गाडीने ठाण्याला पळालो. आई म्हणाली, घराबाहेरसुद्धा पडले नाही. ट्रंक उघडली... तर आतही मावशी! चौकड्या त्याच, ठिपके तेच. गाठोडं काखेत मारून मी उलटपावली कल्याण गाठलं आणि दोन्ही लुगडी गादीवर शेजारी शेजारी पसरली. सुताचाही फरक नाही. मी भिंग लावून बघितलं हो!

धाकटे शेट वाकून बघत होते. "दोन कशा? आपल्याकडे तर एकच होती."

"एक विकली ना शेट," दत्तुभाऊ म्हणाले. "ही दुसरी."

शेटना घाम फुटला. ते एकदा मावशीकडे बघत, एकदा दत्तुभाऊंकडे. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला स्वच्छ दिसत होतं — एका मावशीला घालवलं तर दोन झाल्या, मग दत्तुभाऊंना घालवलं तर...? दोन दत्तुभाऊ, दोन पगार!

"तुम्ही राहा हो दत्तुभाऊ," ते घाईघाईने म्हणाले. "तुम्हांला हवं तितके दिवस राहा."

दत्तुभाऊ आणखी तीन वर्षं राहिले. तोवर माझा प्रबंध मंजूर झाला होता. त्यात मावशी नाही; सरांना काय तोंड दाखवणार होतो? पण दत्तुभाऊ स्वतःहून निवृत्त झाले, त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. हार झाला, पेढे झाले. शेट म्हणाले, "दुकानातलं आवडेल ते एक लुगडं वहिनींसाठी घ्या. सांगा, कुठलं?"

दत्तुभाऊ उठले. गादीवरून खाली उतरले आणि आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या बाजूला जाऊन उभे राहिले. सगळ्या थप्प्यांवरून नजर फिरवली. मग मावशीवर हात ठेवला.

"हेच द्या," म्हणाले. मग खाली बघून हळूच, "उजेड चांगला होता त्या दिवशी, प्रोफेसर. मला आवडलेलंच ते."

नारायणने कागद बांधला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने उदबत्ती लावली आणि थप्पीच्या वरची जागा मोकळी ठेवली. आठवडाभर तो वाट बघत होता. मावशी आली नाही.

आमच्याकडच्या मावशीची आईने गोधडी शिवली. अजून पांघरतो मी. ते तीन ठिपके पायाशी येतात. कुणाला याचा अर्थ लागत असेल, तर मला जरूर कळवा... मला काही लागलेला नाही.