जुनी गोठण

आमच्या गावाची गुरं धाकलूनं राखली, त्याच्या आधी त्याच्या बापानं. वैशाखरे गावाच्या पुढं डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव आणि ओढ्यापलीकडं धाकलूची वाडी. त्याला ना जमीन, ना स्वतःचं जनावर. पण कुठली गाय कुणावर रुसलीय हे त्यालाच ठाऊक. माणसांचं मात्र विचारू नका. माझ्या दोन्ही सुनांना तो अजून अनिताच म्हणतो.

नव्वदच्या आसपास वर डोंगरात लहानसं धरण झालं आणि आमची गोठण बुडाली. गोठण म्हणजे भर दुपारी गुरं सावलीला बसतात ती जागा. मोठा उंबर होता तिथं. धाकलूनं माळावर नवी गोठण केली, पण गुरांना ते पटायला पुरा पावसाळा गेला. रोज दुपारी ती पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहायची आणि हा शिव्या घालत त्यांना वळवून आणायचा.

माझी चांदी तेव्हा पाडी होती. माझ्या लग्नात आईनं दिलेल्या गाईची ती नात. माहेरचं माझ्याकडं तेवढंच उरलं होतं.

पुढं काही वर्षांनी, मे महिन्यात, चांदी गाभण होती. एके दुपारी धाकलू धापा टाकत दारात आला.

"वयनी, चांदी घरला आली काय?"

"नाय रे. तुझ्याकडंच ना?"

"गोठणीवर दिसली नाय. वाटलं, पोट जड झालंय, गेली आसंल आपली घरला."

शेजारची ताराबाई ओसरीवरनं ओरडली, "बिबट्यानं नेली गो!"

"एवढ्या उन्हात?" धाकलू म्हणाला. "बिबट्याला काय अक्कल नाय?" मग एकदम थांबला. "वयनी, पाणी आटलंय ना धरणाचं!"

आणि पळालाच. मी पेजेची बादली उचलली नि त्याच्या मागं.

धरण भरल्यापासून मी तिकडं गेले नव्हते. बांधावर चढले तर खाली पाणी पार आत सरकलेलं, काठाला भेगाळलेला गाळ, आणि मधे आमच्या उंबराचं काळं खोड. चांदी त्याच्याकडंच निघाली होती. वाटेतच पोटापर्यंत रुतली होती. मान तेवढी वर. मी रडतच काठाकडं धावले.

"रडू नको," धाकलू म्हणाला. "तुझी गाय तुझ्यावरच गेलीय. सांगून ऐकतीय कुठं!"

त्यानं वाडीकडं तोंड करून हाळी दिली. त्याचा लेक संदीप आणि आणखी दोघं दोर घेऊन आले. पळसाच्या डहाळ्या तोडून गाळावर पसरल्या. त्यांवर धाकलू पालथा पडला आणि हातांनी चिखल उपसत एकेक पाय मोकळा करू लागला. पाय सुटला की त्याखाली डहाळ्या कोंबायचा. दोर पोटाखालनं घेतला. संदीप शिंगाला दोर लावायला गेला तर बापानं तिथनंच झापला, "शिंग वडलंस तर तुजा कान वडीन!"

मग मला म्हणाला, "वयनी, तू काठाला उभी रा नि हाक मार. आमी मागनं ढकलू, पण येल ती तुज्याच आवाजाला."

मी हाका मारल्या, बादली वाजवली. चांदी हलेना. धाकलू तिच्या कानाशी काय पुटपुटला देव जाणे. ऊन कललं तेव्हा तिनं एक जोर केला, गुडघ्यावर आली, परत केला, आणि थरथरत माझ्यापुढं उभी राहिली. सगळी पेज एका दमात प्यायली. धाकलूचे डोळे तेवढे पांढरे दिसत होते.

आषाढात ती व्याली. कालवड झाली.

वाघबारशीला, दिवाळीच्या तोंडावर, आमच्याकडं गुराखी गोठणीवर वाघोबाच्या दगडाला खीर करतात. घराघरातनं तांदूळ-गूळ जातो, बायका जात नाहीत. त्या वर्षी मी खीर घरीच शिजवली आणि टोप डोक्यावर घेऊन स्वतः गेले. पानं मांडली होती. पहिली वाढ मी धाकलूच्या पानावर घातली.

तो दचकला. "वयनी, आदी वाघाला! रागवंल तो."

"रागवू दे. गाळात तो उतरला नव्हता."

सगळे हसले. धाकलू मात्र उठला. आपल्या पानातली थोडी खीर दगडापुढं ठेवली, थोडी चांदीला चाटवली, आणि मग खाली मान घालून जेवायला बसला.