अंगठ्या बाहेर काढून या

माझ्या थोरल्या साडूंनी या जगातल्या एकाही वस्तूवर तपासून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवलेला नाही, आणि त्या वस्तूंमध्ये मीही आलो. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलगा कसा आहे हे बघायला मुलीकडून हेच आले होते, घाटनांदूरहून तेलगावला, थेट माझ्या औषधांच्या दुकानात. नाव नाही, गाव नाही, ओळख नाही. सर्दीची गोळी मागितली, चष्मा कपाळावर सरकवून पाकिटावरची तारीख वाचली आणि मला म्हणाले, "ही संपत आलेली कावून ठिवली?" मी म्हणालो, "काका, अजून चार महिने आहेत तिला." "मग बरं हाय," म्हणाले, गोळी परत केली आणि एसटीला निघून गेले. त्याच आठवड्यात पसंतीचा निरोप आला. मी पसंत पडलो की गोळी, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

घाटनांदूरला त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. दुसरे दुकानदार कुकर विकतात; हे आधी त्यात डाळ शिजवतात. गिऱ्हाईक बाकावर बसतं, साडू मागच्या शेगडीवर नवा कोरा कुकर चढवतात, आणि तीन शिट्ट्या व्यवस्थित झाल्या तरच तो विकायचा. वर राहणाऱ्या अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, शिट्ट्या ऐकून खाली येतात आणि डाळीला फोडणी देतात. गिऱ्हाईक कुकरासोबत वरण घेऊन घरी जातं. अशानं धंदा बुडायला हवा होता, पण गावातल्या सुना म्हणतात की त्या दुकानातून वस्तू आणली की सासू नावं ठेवत नाही. त्यात कुठून तरी त्यांच्या हाती विजेचं मीटर लागलं, आणि मग आम्हा नातेवाइकांची धडगत उरली नाही. साडू घरात आले की आम्हा लिंगायतांच्या रिवाजानं "शरणार्थ" म्हणून हात जोडणार, आणि चहा येईपर्यंत भिंतीवरचं घड्याळ उतरवून त्याचा सेल मोजणार. आमच्या टीव्हीच्या रिमोटला, टॉर्चला, गॅस पेटवायच्या लायटरला, कशालाही त्यांनी सोडलेलं नाही. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या हातातली रोषणाईची तलवार त्यांनी अक्षता पडायच्या आधी उघडून बघितली होती. "ही सप्तपदीपर्यंत टिकत न्हाई," म्हणाले. आणि नाहीच टिकली, काय करता!

आता या माणसानं लिथियमची बॅटरी घरी बांधायला घेतली, तीही एका जुन्या शाळेच्या व्हॅनसाठी, असं कळलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. पण त्यामागं कारण होतं, आणि ते थट्टेचं नव्हतं. अक्कांचा श्वास झोपेत अडतो. डॉक्टरांनी रोज रात्री तोंडावर लावायचं हवेचं मशीन दिलं, आणि त्या दिवसापासून अक्कांचा मुक्काम घाटनांदूरला बांधला गेला. माहेर पडलं आष्टीच्या पुढं, एका वस्तीवर. आमच्या जिल्ह्याचं हे एक टोक आणि ते दुसरं. पहाटे निघालं तर दुपारी पोचायचं, आईच्या हातची भाकरी खायची आणि पाठ टेकायच्या आत परत निघायचं, कारण वस्तीवर लाईट कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नाही. आई घाबरेल म्हणून अक्कांनी श्वासाचं तिला कळू दिलं नाही. दरवेळी दुकानाचं निमित्त. त्यामुळं आमच्या सासूबाईंची एकच समजूत झाली होती, की थोरली आता शेठाणी झाली आणि तिला पत्र्याखाली झोप येत नाही. फोनवर त्या एवढंच विचारायच्या, "कावून ऱ्हात न्हाईस गं?" अक्का काहीतरी सांगायच्या, फोन ठेवायच्या आणि उगाच भांडी घासायला घ्यायच्या, तीही दुकानातली, विकायला ठेवलेली.

साडूंनी आधी घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी जीपमध्ये घालून न्यायचा प्रयोग केला होता. मांजरसुंब्याच्या घाटात ती कलंडली, आतलं ॲसिडचं पाणी सांडलं आणि अक्कांनी आईसाठी शिवलेल्या गोधडीला परातीएवढं भोक पडलं. तेव्हापासून ते लिथियमच्या मागं लागले. मग बॅटरीसाठी गाडी आली. गाडी आली म्हणून टपावर सोलरची पाटी आली. आत जागा उरली म्हणून पलंग, पलंग आहे म्हणून पंखा, आणि बायकोला चहा लागतो म्हणून शेगडी. शहरातल्या लोकांना अशी गाडी दाखवली तर ते कौतुकानं कॅम्पर म्हणतील. आमच्याकडं कुणाला काही कौतुक नाही. बिऱ्हाड चाकावर घालून निघायचं, हे आमचा निम्मा जिल्हा दर हंगामाला ऊस तोडायला जाताना करतोच की!

सेल आले ते निळ्या विटांसारखे, चार. साडूंनी ते आधी पितळ तोलायच्या काट्यावर तोलले, मग मोजले, मग आठवडाभर नुसते एका ओळीत मांडून त्यांच्याकडं बघत बसले. त्यांची त्यांनी नावंही ठेवली: थोरला, मधला, धाकटा आणि आळशी. हा आळशी भरायला सगळ्यात शेवट यायचा. "साडू, ही पंगत हाय," ते मला समजावून सांगायचे. "चौघांनी बराबर जेवलं पायजे. एकाचं पोट भरलं की वाढपी समद्यांचंच वाढणं थांबिवतो, मग ह्यो आळशी उपाशी उठतो. म्हणून आधी चौघांना एका ताटात बशिवलंय." वाढपी म्हणजे त्यावर बसवायचं हिरवं सर्किट. चौघांना तांब्याच्या पट्ट्यांनी जोडून त्यांनी इतके दिवस हळूहळू जेवू घातलं की अक्का म्हणाल्या, "माझ्या बाळंतपणात बी एवढं कुणी बघितलं न्हाई."

आणि हे काम चालायचं त्या खोलीच्या दारावर पाटी लागली: 'अंगठ्या बाहेर काढून या.' उघड्या बोल्टांवर धातू आडवा पडला तर वेल्डिंग होतं, माणसाच्या बोटासकट, असं ते प्रत्येकाला डोळे मोठे करून सांगत. दाराशी एक स्टीलचं पातेलं ठेवलेलं. त्यात अंगठी, कडं, घड्याळ, सगळं उतरवायचं आणि मगच आत. एकदा घाईत मी कुण्या पाहुण्याची पुष्कराजाची अंगठी घालून तेलगावला आलो, आणि बायकोनं चार दिवस माझी उलटतपासणी घेतली. साडू इतके कडक की स्वतःच्या कमरेचा पट्टासुद्धा काढून, पायजम्याची नाडी दोनदा आवळून आत जात. पण या नियमात अडकल्या त्या अक्का. मंगळसूत्र आणि पाटल्या त्या काढेनात, आणि हे आत येऊ देईनात. ज्या बाईसाठी हा सगळा खटाटोप, तिनं तो उंबऱ्याबाहेरून बघायचा! "माझ्याच बॅटरीला मला शिवायची चोरी," असं म्हणून त्या दारात पाट टाकून बसत आणि मेथी निवडत त्याच्याशी बोलत. त्याच्याशी म्हणजे बॅटरीशी. साडूंशी त्यांचा अबोला असायचा.

बॅटरीचा पॅक पुरा झाला तो बरोबर खंडेनवमीला. दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं द्यायला आष्टीला जायचं आणि मुक्काम करायचा असं ठरलं. आम्ही दोघंही आदल्या दिवशीच घाटनांदूरला पोचलो. अवजारांची पूजा मांडली होती: काटा, हातोडी, पाने, मीटर, आणि मधोमध बॅटरी. अक्का म्हणाल्या, पूजा मीच करणार. साडू म्हणाले, मंगळसूत्र काढ. भरल्या सणाला हे शब्द! माझी बायको तर त्यांच्या अंगावरच धावून जायची बाकी राहिली. शेवटी साडूंनी सायकलची जुनी ट्यूब कापून अक्कांच्या पाटल्यांवर चढवली आणि मंगळसूत्राच्या वाट्यांना काळी टेप गुंडाळली. असा शृंगार करून अक्का पहिल्यांदा त्या खोलीत शिरल्या आणि म्हणाल्या, "झाकण काढा. तोंड झाकून कुणी देव पुजतं व्हय?" एरवी साडूंनी ऐकलं नसतं. पण त्या दिवशी बायको बोलायला लागली याच आनंदात होते. काढलं झाकण.

हळद-कुंकू झालं, झेंडू वाहिला, आणि साडू भक्तिभावानं नमस्काराला वाकले. आम्ही सगळे निर्धातू उभे. तेवढ्यात त्यांच्या सदऱ्याच्या गळ्यातून लिंगाची चांदीची डबी बाहेर लोंबली आणि नेमकी दोन बोल्टांच्या मध्ये टेकली. टच्! निळापांढरा लोळ उठला, साडू मागं दारातल्या, अक्कांनी निवडून ठेवलेल्या मेथीच्या ढिगावर बसले आणि खोलीभर जळकट वास सुटला. त्यांनी आधी डबी उघडून लिंग डोळ्यांना लावलं, मग आपलं बोट तपासलं. दोन्ही शाबूत. मला राहवलं नाही. "साडू, ही काढायची राहिली की!" ते ओरडलेच, "ती काय दागिना हाय का बे? ती अंगातलीच हाय!" बरोबरच होतं. जन्मल्यापासून जी गळ्यात आहे, ती कुणाला पातेल्यात टाकायची सुचणार?

पण मग त्यांचं लक्ष पॅककडं गेलं. पॅकला काही झालं की नाही, हे मीटर लावल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि मीटर पाटावर, हळद-कुंकू लावून पुजलेलं. पुजलेलं अवजार दसरा झाल्याशिवाय उचलायचं नाही, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक आहे. मी म्हणालो, "चालेल हो, दिसायला तर ठीक दिसतंय." साडूंनी माझ्याकडं असं बघितलं की मी खिडकीबाहेर बघायला लागलो. "न तपासलेल्या बॅटरीवर हिचा श्वास ठिवू व्हय?" म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. उद्याचं जाणं रद्द." अक्कांनी वाकून पाटावरचं मीटर उचललं, झेंडूच्या फुलासकट, कपाळाला लावलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं. "देवाचं झालंय न्हवं? मग देवाच्याच कामाला लावा. आई उद्या सकाळधरनं दारात बसंल." साडूंनी थोरला मोजला, मधला, धाकटा, आळशी. चारही सारखे. एक तांब्याची पट्टी तेवढी डागळली होती, ती बदलली. झेंडू मीटरला तसाच चिकटलेला होता.

दसऱ्याला निघालो. वाटेत चहाला थांबलो तर ऊसतोडीच्या टोळीतला एक म्हातारा आमच्या गाडीतला पलंग, शेगडी, भांडी बघून आपुलकीनं जवळ आला. "कंच्या कारखान्याला? मुकादम कोण हाय?" साडूंनी अक्कांकडं बोट केलं. "ह्या." म्हाताऱ्यानं अक्कांना रामराम घातला, आणि आम्हाला सांगितलं की यंदा थंडी लई पडणार, पोरांना जपा.

वस्तीवर पोचलो तेव्हा सासूबाई खरोखरच दारात बसलेल्या. मुक्काम करायचा हे अक्कांनी त्यांच्या कानात सांगितलं, तर दोनदा विचारून घेतलं, "मुक्काम? आज?" मग काठी टेकत गाडी बघायला आल्या. बॅटरी आता पक्क्या खोक्यात बंद होती, कुणी सोन्यानं मढून बसलं तरी भीती नव्हती. पण सवय जाईल कशी? साडूंच्या तोंडून निघालंच, "मामी, अंगावरचं काढून या." सासूबाईंनी आपले दोन्ही हात त्यांच्यापुढं धरले. उन्हानं काळवंडलेले, मनगटं मोकळी. "काय हाय जावईबापू माझ्या अंगावर? तुमचे सासरे गेले तवाच समदं उतरलं." साडूंनी तेच दोन हात धरले आणि त्यांना अलगद वर चढवलं. सासूबाईंनी पलंग दाबून बघितला, भांडी बघितली आणि खुशीनं हसल्या. आमचे सासरे ऊसतोडीच्या तळावर किराण्याचं पाल लावायचे; दोन लेकींना घेऊन चार-पाच महिने यांचा संसार बैलगाडीतच असायचा. म्हणाल्या, "ही तर आपली गाडीच की गं!" आणि त्या रात्री थोरलीशेजारी त्याच पलंगावर झोपल्या.

सकाळी साडू माझ्याआधी उठून गाडीच्या दाराशी उभे होते. दार उघडलं ते सासूबाईंनीच. डोळे लाल. म्हणाल्या, "तोंडाला सोंड लावून निजती पोर, आन् मला कुणी सांगायचं न्हाई व्हय? रातभर हिचा श्वास ऐकत हुते. ल्हानपनी बी तळावर थंडीची असंच ऐकत बसायची." मग पदर डोळ्याला लावला. "आन् मी म्हनायची, पोरगी बदलली." मागून अक्का उतरल्या. कितीतरी वर्षांनी माहेरात झोपून उठलेलं त्यांचं तोंड मी बघितलं.

साडूंनी आत वाकून बॅटरीचा आकडा बघितला. "निम्म्याहून जास्त शिल्लक हाय," ते म्हणाले, आणि ज्या माणसानं सोयऱ्याच्या घरी कधी दुसरा चहा घेतला नाही, तो पुढं म्हणाला, "दिसा ऊन भरंल. ऱ्हा म्हनावं अजून दोन-चार रोज. दुकान काय, बंद ऱ्हाईल." अक्का आईच्या डोक्याला तेल लावायला बसल्या होत्या. समोरून जाणाऱ्या शेजारणीला सासूबाई मोठ्यानं सांगत होत्या, "थोरली मुक्कामी आलीय!" मी साडूंना चिडवायला म्हणून विचारलं, की एवढं केलंत खरं, पण हे टिकणार किती? गळ्यातली डबी त्यांनी सदऱ्याच्या आत सरकवली. तिच्यावरचा काळा डाग त्यांनी अजून घासलेला नाही. "नीट वापरलं तर धा वर्सं कुठं गेली न्हाईत," म्हणाले.

सासूबाई शेजारणीशी बोलण्यात गुंतल्या होत्या, पण हे नेमकं त्यांना ऐकू आलं. तेल लावून घेता घेता त्यांनी मान वर केली.

"धा वर्सं? मंग मला बी तेवढं टिकावं लागंल की."

साडू मीटर घेऊन गाडीच्या मागच्या बाजूला गेले आणि बराच वेळ तिथंच राहिले. तिथं मोजण्यासारखं काहीच नव्हतं.