चाखायचा चमचा

ऑफिसात त्यांना सगळे घोटसाहेब म्हणायचे. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीपुरतं उरलं होतं. गिऱ्हाईकासमोर बाटली उघडायची, पहिला घोट स्वतः घ्यायचा, क्षणभर डोळे मिटायचे आणि मग ग्लास पुढे सरकवायचा, ही त्यांची जुनी रीत. तरुणपणी टपऱ्या-टपऱ्यांवर गोड सोडा विकताना ती निभून गेली. तिथे दोन-चार घोटांत काम भागायचं, बाकी सगळा खेळ तोंडाच्या वाफेचा.

मग कंपनीला म्हातारपणी डोहाळे लागले. उंच मानेच्या बाटल्या आल्या, आत साखर कमी आणि आलं, संत्र्याची कडू साल, कसली कसली पानं. हे म्हणे चोखंदळ खवय्यांसाठी. आणि ते विकणार कोण? तर ज्याची जीभ साऱ्या कंपनीत चवीची पारखी म्हणून नावाजलेली, तो. झालं, घोंगडं पडलं घोटसाहेबांच्या गळ्यात. मोठ्या रेस्टॉरंटांत जायचं, तिथल्या पदार्थाचा एक घास घ्यायचा, वर आपल्या पेयाचा एक घोट, आणि कशाबरोबर काय शोभतं ते शेफला पटवायचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आंबट, कडू, झणझणीत, पुन्हा आंबट. वर शेफलोकांचं नाक मुरडणं. माझ्या जेवणाबरोबर सोडा? एकेक जण असं काही विचारायचा की जणू यांनी टेबलावर चप्पल ठेवलीय.

तेव्हा घोटसाहेब ठेवणीतलं वाक्य काढायचे, की आमच्या घरी रोज जेवताना हेच लागतं. बोलाचीच कढी! घरी जेवताना पाण्याचा तांब्या असायचा आणि त्या बाटलीने त्यांचा उंबरा कधी ओलांडला नव्हता.

घरी दुसरंच एक काम त्यांची वाट बघायचं. बायकोच्या हाताला चव अशी की शेजारीपाजारी वास घेत दारात रेंगाळायचे. पण रक्तदाबापायी डॉक्टरांनी तिचं मीठ बंद केलं होतं. ती आधी आपलं अळणी एका छोट्या भांड्यात काढून ठेवायची आणि मोठ्या भांड्यात अंदाजाने मीठ घालायची. घोटसाहेब आले की पायातले बूट काढायच्या आधी ती लाकडी चमचा पुढे करायची. ते चाखायचे, सांगायचे, मग गॅस बंद. एवढा मान त्यांना बाहेर कुठे मिळत नव्हता. दिवसभर दारोदार हिंडून आलेल्या माणसाला घरात कुणीतरी विचारतंय, तुमचं मत काय म्हणून. आणखी काय हवं हो माणसाला?

पण त्या नव्या बाटल्यांनी घात केला. आधी संध्याकाळपुरती जीभ बधिर व्हायची, सकाळी ताळ्यावर यायची. मग सुट्टीच्या दिवशीही येईना. चमचा तोंडात घातला तर गरम कळायचं, बाकी ओला कापूस. घोटसाहेबांनी अळीमिळी गुपचिळी धरली. एक दिवस ‘बरोबर आहे’ म्हणायचे, एक दिवस ‘चिमूटभर हवं’, म्हणजे खरं वाटावं. तिने घातलेलं पुढ्यात यायचं, ते मुकाट गिळायचे. तिला सांगायचं तरी कसं? तिने काय विश्वासाने चमचा धरलेला असायचा!

अशात ऑफिसातून निरोप आला. शहरातल्या सगळ्यांत नावाजलेल्या रेस्टॉरंटाने पेय मेन्यूत घेतलं तर हे खातं चालेल, नाहीतर गुंडाळायचं, आणि घोटसाहेबांनाही त्यासोबत. या वयात दुसरं कोण दारात उभं करणार? ते त्या शेफकडे खेटे घालत राहिले. शेफ अबोल, जाडजूड, हातावर भाजल्याचे डाग असलेला माणूस. एकदा त्याने ते ठेवणीतलं वाक्य नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला की मग तुमच्या घरीच जेवायला येतो, कसं लागतं ते बघू.

नाही म्हणायला तोंड कुठे होतं? बायकोने मंद आचेवर मटण शिजवलं, कांद्याचं सूप केलं, पाव भाजले. तिने कधी नव्हे ती जरीची साडी नेसली होती. तिलाही ठाऊक होतं, आज घरादाराचं काय पणाला लागलंय. शेफ यायच्या थोडं आधी तिने चमचा पुढे केला.

घोटसाहेबांनी चाखलं. कापूस. आज नुसतं ‘बरोबर’ म्हटलं तर उरकल्यासारखं वाटेल, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी आणखी मीठ सांगितलं. तिने घातलं, पुन्हा चमचा धरला. त्यांनी पुन्हा थोडं सांगितलं. तिचा हात डब्यावर थांबला.

“नक्की ना? मला वाटतं पुरे झालं.”

“माझ्या जिभेवर आता तुझाही भरवसा नाही का?” ते म्हणाले.

तिने मीठ घातलं. सूपातही तसंच.

शेफ जेवला. हूं नाही की चूं नाही. घास घ्यायचा आणि ग्लास रिकामा करायचा. घोटसाहेब भरत होते, तो पीत होता. एक बाटली संपली, दुसरी संपली, तिसरीला हात लागला. घोटसाहेबांना आभाळ ठेंगणं झालं. सगळ्या आयुष्यात त्यांची बाटली कुणी इतक्या ओढीने प्यायलं नव्हतं. बायको मात्र शेफच्या ग्लासाकडे बघत होती.

जिन्यापर्यंत सोडायला गेले, तेव्हा शेफने विचारलं, मीठ कोणी बघितलं? घोटसाहेब म्हणाले, मीच. शेफने मान हलवली. म्हणाला, माझ्या वस्तादांच्या जिभेचंही असंच झालं होतं, शेवटी शेवटी आम्ही पोरं मागच्या मागे रश्श्यात पाणी घालायचो आणि त्यांना कळू द्यायचो नाही.

“पेय घेतो मी. माझ्याकडे खारवलेला मासा असतो, त्याच्याबरोबर चांगलं खुलेल,” तो म्हणाला. “पण घरी सांगून टाका. तुमच्या बाईंच्या हाताला काही झालेलं नाही.”

नोकरी वाचली होती. पण घोटसाहेबांना आता जिना चढायचा होता. काय सांगायचं, कुठून सुरू करायचं, याची जुळवाजुळव करत ते दारात आले. बायको ओट्यापाशी उभी होती. हातात चमचा, समोर मोठं भांडं. डॉक्टरांनी मनाई केल्यापासून तिने पहिल्यांदा त्यातलं तोंडात घातलं होतं.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“बाटल्या बदलल्या तेव्हापासून.”

भांडणारी बाई परवडली, गप्प बसणारी नाही. तिने उरलेलं मटण दोनदा पाणी घालून उकळलं, पुन्हा चाखलं नाही, झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पेढे वाटल्यासारखा आनंद होता. साहेबांनी पाठ थोपटली आणि आता आणखी रेस्टॉरंटं तुमच्याकडे, असं सांगितलं. म्हणजे आणखी घोट. घोटसाहेब हो हो म्हणत राहिले. चार ठिकाणी हिंडून, थकून भागून घरी आले आणि सवयीने बूट न काढताच ओट्यापाशी जाऊन उभे राहिले. चमचा धुऊन खुंटीला लावलेला होता. गॅस बंद होता. छोटं भांडं फळीवर पालथं, आणि टेबलावर एकच मोठं भांडं.

“आता दोन-दोन भांडी कशाला घासायची?” ती म्हणाली. “तुम्हाला काय आणि मला काय.”

दोघं समोरासमोर बसली. तिने दोघांना एकाच भांड्यातलं अळणी वाढलं. घोटसाहेबांनी पाव मोडला, रश्श्यात बुडवला, तोंडात घातला. ‘छान झालंय’ हे शब्द सवयीने ओठांवर आले होते. ते त्यांनी गिळले.

“मला काही कळत नाही गं,” ते म्हणाले.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “जेवा.”

आणि तिने त्यांच्या ताटात आणखी एक पळी वाढली.