चांदभाईच्या पेटीतली शिट्टी

चांदभाई आमच्या कासारवाडीचा रेडिओ मेकॅनिक. बायको नूरबी वारल्यापासून एकटाच. भुताखेताचं नाव काढलं की भडकायचा. "नूरबी गेली ती गेली! एकदा तरी आली का?" मी मेला त्याला मुद्दाम डिवचायचो.

छप्पन सालची गोष्ट. शालनबाईंचा मुलगा ज्योतीराम भर पुरात पवनेत बुडाला. पलीकडे पिंपळे गुरवला माहेरी गेलेल्या बायकोला, यशोदाला, आणायला निघाला होता. दहाव्याला कावळा काही पिंडाला शिवेना, शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. बाईंनी सगळं खापर सुनेवर फोडलं. पोटुशी पोर, पण तिला उंबरा चढू दिला नाही. असा संताप यायचा मला!

त्यात चांदभाईच्या दुकानातला रेडिओ मधूनच शिट्टी घालायला लागला. "माझा ज्योती अडकलाय त्यात," म्हणत बाई रोज येऊन बसायच्या.

"अहो, यंत्राचा आवाज तो! बनवूनच दाखवतो," चांदभाई म्हणाला. मिलिटरीच्या भंगारातला एक व्हॉल्व्ह, तांब्याच्या तारेची कॉइल, एक कंडेन्सर, सगळं एका पेटीत बसवलं. व्हॉल्व्हमधून निघालेली लहर थोडी थोडी त्यालाच परत भरवत राहायची, मग ती थांबत नाही, असं त्यानं मला समजावलं. ती पेटी चालू केली आणि शेजारचा रेडिओ शिट्टी घालू लागला. कॉइलजवळ हात नेला की स्वर खाली, अगदी जवळ नेला की बंद, मागे घेतला की वर.

"बघा, आहे का कुठं भूत?"

बाईंचं लक्षच नव्हतं. लांबूनच हात जोडून म्हणाल्या, "ज्योती, यशोदाला घरी आणते रं. आता तरी सुट, लेकरा."

स्वर उतरत उतरत गेला आणि बंद झाला.

शाब्बास रे गड्या, मी मनात म्हटलं, टेबलाखालून बरोबर हात नेलास! दुसऱ्याच दिवशी सून घरी आली. मला रडू फुटलं, खोटं कशाला सांगू?

चांदभाईची पाठ थोपटायला गेलो, तर त्याचा चेहरा पांढराफटक.

"न्यायचं मनात होतं, भाऊ. पण हात मांडीवरच होता माझा."

महिनाभर त्यानं पेटी तपासली. बॅटरी भरलेली, व्हॉल्व्ह शाबूत, सांधे पक्के. दोष म्हणून सापडला नाही.

मग एका दुपारी मी दुकानात डोकावलो. शिट्टी चालू होती. चांदभाई दोन्ही हात मांडीवर ठेवून पेटीसमोर बसला होता.

"नूरबी," तो हळूच म्हणाला. थोडं थांबून पुन्हा म्हणाला.

स्वर जराही हलला नाही.