संदर्भसूचीतली आत्या

एम.ए.चा प्रबंध लिहिताना विषयाची भीती मला कधी वाटली नाही. वाटली ती संदर्भसूचीची. स्वल्पविराम कुठे, वर्ष कंसात की बाहेर, देवच जाणे! महाडच्या कॉलेजातल्या आमच्या मार्गदर्शक मॅडम एक टिंब चुकलं तरी पान परत करायच्या. पुस्तकांचं कसंबसं जमलं. घोडं अडलं ते आत्यापाशी.

डोंगरातल्या वाड्यांवर लोकांना दरडीची चाहूल कशी लागते, हा माझा विषय. आत्या पोलादपूरच्या वरच्या अंगाला अशाच एका वाडीत राहते. तिने मला घरामागच्या परड्यात पडलेली भेग दाखवली, झऱ्याचं लाल झालेलं पाणी दाखवलं. मी सगळं लिहून काढलं. मॅडम म्हणाल्या, "छान. आता मुलाखत देणाऱ्याचं पूर्ण नाव, गाव आणि तारीख घाला."

फोनवर आत्या किंचाळलीच. "माजं नाव नको गो घालू! भेगेचं हितं कुनी बोलत नाय. मुंबैवाल्यांनी नवी घरं बांधलीत. सरकारनं वाडी उठवली तर सगळी माज्या नावानं खडे फोडतील."

"अगं, नुसतं आडनाव घालते."

"आख्ख्या वाडीचं येकच आडनाव हाय. पन भेग कुनाच्या परड्यात हाय, ते म्हाईत नाय व्हय त्यांना?"

नाव घातलं तर आत्याला वाडीत कुणी उभं करायचं नाही. गाळलं तर अख्खं प्रकरण बिनपुराव्याचं, म्हणजे पदवीवर पाणी. शेवटी मॅडमनीच वाट काढली: नावाऐवजी 'माहितगार १', गावाऐवजी 'एक डोंगरी वाडी'. हेही नियमात बसतं म्हणाल्या. मी पानापानांतून आत्याला खोडून काढलं आणि पदवी पदरात पाडून घेतली.

यंदा पावसाच्या तोंडावर तिचा फोन आला. "गो, भेग चुलीपतूर आलीया. कुनाला सांगू नको हां."

कुणाला सांगू नको! दुसऱ्या दिवशी बांधलेला प्रबंध काखोटीला मारून सरळ तहसील कचेरी गाठली. तिथल्या साहेबांनी ते प्रकरण नीट वाचलं. मला वाटलं, सुटले एकदाची. मग पानावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे माहितगार १ कोण? आणि वाडी कुठली? नावच नाही, तर मी माणसं पाठवू कुठे?"

मी वाडीचं नाव सांगितलं, आणि सांगणाऱ्याच्या जागी माझंच नाव लिहायला लावलं.

माणसं आज सकाळी वर गेली आहेत. मघापासून आत्याचा फोन वाजतोय, आणि तो उचलायचा मला धीर होत नाही.