तुळशीवरचा पुरावा

गाढवपणा माझाच. दुष्काळात न्हावरे गावातल्या आमच्या कोरड्या विहिरीच्या तळातून पाण्याच्या सर्वेवाल्या साहेबांनी लाल ढेकूळ काढून ओसरीवर ठेवलं होतं. मी नवी सून, हुशारी उतू चाललेली. गेरू समजून ते पाण्यात कालवलं आणि तुळशीवृंदावनाला फासलं!

साहेब कुठलाही दगड ओळखायला आधी चाटायचे, मग "थांबा, थांबा" म्हणत बोलायचे. वरवंडच्या विहिरीला अशाच लाल थराखाली पाणी लागलं होतं. तिथलं ढेकूळ त्यांच्या खिशात होतं. दोन्ही थर एकच निघाले तरच आमचं खोदकाम चालणार. आणि ताडून बघायला आमचं ढेकूळच उरलं नव्हतं, म्हणून गडी पहारी टाकून निघालेच होते.

साहेबांनी खिशातलं ढेकूळ चाटलं, मग थेट वृंदावन चाटलं आणि अंगणात नाचायलाच लागले.

"थांबा, थांबा! तोच थर, वहिनी, अगदी तोच! खणा म्हणावं खाली! आणि पाणी लागेपर्यंत ती तुळस धुऊ नका, माझा पुरावा आहे तो!"